मशीनमधले रिकामे पंधरा दिवस

लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. आता लिहूनच टाकतो.

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर आधी वॉर्डात सलाइन लावायच्या. मग डॉक्टरांनी त्यांना मधुमेहाचं वेगळं शिक्षण दिलं आणि त्यांचं कामच बदललं. पेशंटचे पाय तपासायचे, इन्सुलिन टोचायला शिकवायचं, फोनवर साखरेचे आकडे विचारून ठरलेल्या मर्यादेत डोस कमी-जास्त करायचा. एमआयडीसीतले कामगार जेवणाच्या सुट्टीत फोनवरच आकडे सांगत. खाडा होत नसे.

माझ्या बायकोची साखर मी घरी मशीनवर तपासायचो. तिला वाती वळायची आवड. बोट टोचलं की दुखतं, कापूस नीट धरवत नाही. "राहू द्या हो आज," म्हणायची. मलाही कंटाळाच होता. पंधरा दिवस मी वहीत मनानेच आकडे लिहिले. सगळेच चांगले असले तर संशय येईल, म्हणून जरा चढे लिहिले. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाची ही अक्कल.

ते आकडे फोनवर ऐकून सिस्टरनी दोनदा डोस वाढवला. दुसऱ्यांदा वाढवल्यावर तिसऱ्या दिवशी बायको देवासमोरच घामाघूम होऊन, काहीबाही बरळत कलंडली. साखर फार उतरली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आकडे खरे होते ना?"

"वही समोर आहे की," मी म्हणालो.

सिस्टर म्हणाल्या, "काका, मशीन आणलंय? त्यात सगळ्या तपासण्या राहतात."

"घरी राहिलं." ते माझ्या हातातल्या पिशवीत होतं.

बायको बरी झाली. पण चूक सिस्टरची ठरली; फोनवर डोस बदलणं बंद झालं आणि सिस्टर दाराजवळ रक्तदाब मोजायला बसल्या. आम्ही गेलो की बायकोच्या दंडाला पट्टा बांधताना विचारायच्या, "काकू, बोटं कशी आहेत?" मी भिंतीकडे बघायचो.

गेल्या आठवड्यात बाकावर शेजारी एक यंत्रमाग कामगार होता. "पैलं सिस्टर फोनवर सांगायच्या. आता दोन युनिट इन्सुलिन बदलायला अख्खी पाळी बुडती की! कुना म्हाताऱ्यानं काय घोळ घातला म्हनं, तवापासनं बंद."

बायको माझ्याकडे न बघताच म्हणाली, "म्हातारा माझ्या ओळखीचा आहे." मग हळूच, "उठा."

आत गेलो. मशीन टेबलावर ठेवलं. डॉक्टर बटण दाबत जुन्या तारखांपर्यंत मागे मागे गेले. त्या पंधरा दिवसांची एकही नोंद नव्हती. त्यांनी सिस्टरना बोलावलं.

"तेव्हा पिशवीतच होतं ना, काका?" सिस्टरनी विचारलं.

"हो."

"मला वाटलंच होतं," म्हणाल्या आणि बाहेर पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधायला गेल्या.

फोन पुन्हा सुरू करायचे का, डॉक्टर अजून बोललेले नाहीत. चूक सिस्टरची नव्हती, माझी होती. हा कागद उद्या डॉक्टरांना देणार आहे. बाकासमोरच्या भिंतीवर लावा म्हणून सांगेन, जिथे कामगार बसतात.