बेडोकमधला कागदी कोट

फौजेतून रिटायर झाल्यावर माझं शेवटचं पोस्टिंग आलं ते सिंगापूरला, २००५च्या ऑगस्टमध्ये. मूव्हमेंट ऑर्डर मुलाने काढली. तो आणि सूनबाई दिवसभर नोकरीवर. मी बेडोकमधल्या त्यांच्या फ्लॅटचा गार्ड कमांडर. ०५३० ला उठणे, ०६०० ला चालणे, १६०० ला चहा. चहानंतर खाली बाकावर. तिथली दुपार इतकी रेंगाळायची की घड्याळावरचा माझा विश्वास उडायला लागला होता.

तो चिनी लोकांचा सातवा महिना होता, आपल्या पितृपंधरवड्यासारखा. गेलेल्या माणसांसाठी ते कागदाचे कपडे, बूट, घड्याळं जाळतात. जळलं की पोचलं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी १६३० ला बाकावर डुलकी लागली होती. धूर नाकात गेला आणि मी मनाने थेट बर्फातल्या जुन्या पोस्टवर पोचलो. जिन्यापाशी सफाईवाल्याची पाण्याने भरलेली बादली होती. उचलली आणि समोरच्या लोखंडी पिंपात उपडी केली.

पिंपामागे शेजारच्या गोह आंटी उभ्या होत्या. आत कागदी कोट, अर्धा जळका, अर्धा ओला.

"अंकल! व्हाय यू डू लाइक दॅट?"

"फायर, मॅडम," मी सावधानमध्ये उभा राहून म्हणालो. मूर्ख कुठला!

कोट त्यांच्या भावासाठी होता. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला घरातून उचलून लॉरीत घातलं, अंगावर नुसता बनियन. परत आला नाही. आंटी तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. तेव्हापासून दर वर्षी कोट. "नेक्स्ट वीक हार्ट ऑपरेशन," त्या म्हणाल्या. "नेक्स्ट इयर, डोन्ट नो लाह."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागदी सामानाचं दुकान सहाला बंद होणार होतं. मी निघालो.

चालता चालता बेडोक पांढरं होत गेलं. अठरा हजार फुटांवरची पोस्ट, आम्ही चौदा जण. १४१० ला पेट्रोलवर लान्स नायक भीमराव साळवे बर्फाच्या भेगेत, तळाच्या पाण्यात पडला. दोरावर वर ओढला तेव्हा नखशिखांत भिजलेला. तंबूत शेगडी पेटवली. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"धूर दिसतोय. आग विझवा. ओव्हर."

"एक जवान ओला आहे. ओव्हर."

"विझवा. आऊट."

मी माझ्या हाताने विझवली. कपडे बदलले, माझा कोट घातला, दोन्ही बाजूंनी माणसं झोपवली. "साहेब, आता थंडी नाही वाजत," तो हसून म्हणाला. ती वाईट खूण होती. १७२० ला तो गेला. त्या दिवशी पोस्टवर शत्रूचा एकही गोळा पडला नाही. हुकूम बरोबर होता, असं सगळे म्हणतात. मला त्या हुकमाचा राग येतो, आणि तो पाळणाऱ्या माझाही.

दुकानातून मी दोन कोट घेतले. का ते स्वतःलाही विचारलं नाही.

आंटींनी दुसऱ्या कोटाकडे पाहिलं. "फॉर हू?"

"माय जवान."

त्यांनी पेन दिलं. नाव लिहायलाच हवं, नाहीतर वाटेत दुसराच कोणी घेऊन जातो. मी पार्सलवर लिहितात तसं लिहिलं: नंबर, रँक, नाव.

"नाऊ कॉल हिम. लाउडली. ही मस्ट कम अँड टेक."

परेड ग्राउंडवर माझा आवाज पार टोकापर्यंत जायचा. इथे तोंड उघडलं आणि काही बाहेरच पडेना. आंटींनी कोटावर हात ठेवला.

"नेम?"

"साळवे," मी कसाबसा म्हणालो.

आंटींनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि साऱ्या ब्लॉकला ऐकू जाईल अशी हाक मारली. "साल्वे! कम, साल्वे! व्हेरी वॉर्म कोट!"

काडी मी ओढली.