पाळी लांबवायच्या गोळ्या

आसूड हवेत असताना शीळ घालतो आणि पाठीवर पडला की ओल्या गोणपाटासारखा वाजतो. हातकणंगल्याजवळच्या आमच्या अंगणात, भर दुपारी, काकांचा आसूड काकीवर सात वेळा पडला. मी दहा वर्षांची होते आणि मोजत होते...

त्याआधीचा महिना दवण्याच्या आणि गुलालाच्या वासाचा होता. चैत्रात सगळं घर जोतिबाला निघालं होतं आणि काकीची पाळी नेमकी त्याच दिवसांत येणार होती. तिच्या पाळीचे दिवस आजी बोटांवर मोजायची. काकी बाजूला बसली की दर महिन्याला तेच, "बसली का परत? सा वर्सं झाली, नुसतं पेरतोयच आमी!" यात्रा चुकू नये म्हणून काकीनं औषधाच्या दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरल्या. मी पाहिलं. "कुणाला बोलू नगंस हां, बये," ती म्हणाली. दिवसाला तीन गोळ्या.

डोंगरावरून परतल्यावर त्या थांबवायच्या होत्या. पण तोवर दिवस उलटले होते, आणि आजीनं त्याचा अर्थ लावला होता. "हंडा उचलू नगंस, पोरी," आजी म्हणाली — सहा वर्षांत पहिल्यांदा पोरी! काकांनी बाजारातून चिंचा आणल्या. शेजारणीच्या तोंडात आजीनं गुळाचा खडा कोंबला, "घे, आता म्हण वांझ!" दुधात तूप, तुपाचा तो दाट वास, आणि चुलीपुढं उजळलेला काकीचा चेहरा... तिनं काही सांगितलं नाही. डब्यातल्या गोळ्या मात्र चालू राहिल्या, एकवीस दिवस. मग दुकानदारानं आणखी द्यायला नकार दिला.

तिसऱ्या दिवशी रक्त उतरलं, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त.

"पाडलंस माझं पोर!" काकांनी तिला केसांना धरून अंगणात ओढलं. आजी ओरडत होती, "सा वर्सांनी उगवलं आन् सटवीनं उपटलं!" सातव्या फटक्याला मी मध्ये घुसले. "काकीनं गोळ्या खाल्ल्यात, म्हणून रक्त आलंय!"

मला सांगायचं होतं की पोर नव्हतंच. त्यांनी ऐकलं ते वेगळं. आजीनं डबा उपडा केला, तांदळातून रिकामं पाकीट निघालं, आणि काकांनी आसूड टाकून कुऱ्हाडीचा दांडा उचलला. कोपराचं हाड मोडताना एकच आवाज झाला — कोरड्या उसाचा. संध्याकाळी तिच्या भावानं तिला बैलगाडीतून माहेरी नेलं. ती परत आली नाही.

पुढं माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला ते समजावलं. गर्भ राहिला की शरीर एक संप्रेरक बनवत राहतं, आणि त्याच्या जोरावर गर्भाशयाचं अस्तर टिकतं. त्या गोळ्यांतही तसंच संप्रेरक असतं. गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटतं. गर्भ नसतानाही.

गेल्या मे महिन्यात काकी कोल्हापुरात माझ्याकडे आली. डाव्या हातानं शेंगा फोडत होती. उजवा अजून सरळ होत नाही. मी सगळं सांगितलं, आणि तीस वर्षं अडलेलं तेही — "माझ्या बोलण्यानं तुझा हात गेला."

"खोटं कुठं बोललीस? खरंच बोललीस की."

"तू काही पाडलं नव्हतंस, काकी. बाळ नव्हतंच."

"ठावं हाय की मला. गोळ्या मीच गिळत हुते न्हवं?" ती शेंगा फोडत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "पर नाव ठरवलं हुतं गं मी."

कोणतं, ते मी विचारलं नाही.