चहाला निघाले ते भांडीबाजारात

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मोबाइल नव्हते तेव्हाची. माझ्या नवऱ्याला ऑपरेशनसाठी आत नेलं, तोपर्यंत माझी सगळी कामं संपली होती. रक्ताची सोय झाली होती, एक्स-रे तारखेप्रमाणे लावले होते, मुलगी बहिणीकडे, दूध बंद. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोटात गाठ होती. ती काढता येते की नाही, हे उघडून बघितल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

मी परत फाइल काढली. शेजारी बसलेले माझे दीर म्हणाले, "वहिनी, ते कागद आता झिजतील. खाली जाऊन चहा घेऊन या. मी आहे इथे."

टपरी दवाखान्यासमोरच होती. मी तिच्यासमोरून पुढे गेले.

आम्ही कॉलेज रोडकडची माणसं जुन्या नाशकाला नुसतं 'गाव' म्हणतो आणि गावात कामाशिवाय जात नाही. मी तर भाजीला निघाले तरी आधी कुठे, मग कुठे, हे पक्कं असतं. त्या दिवशी रविवार कारंजावरून जो बोळ दिसला त्यात शिरले. गावातले बोळ टेकड्यांवरून चढतात, उतरतात, मध्येच कोणाच्या तरी दारात संपतात. वळण आलं की डावीकडे की उजवीकडे एवढाच विचार करायचा. तेवढा मला जमत होता. थांबलं की डॉक्टरांचं वाक्य आठवायचं, म्हणून थांबत नव्हते.

एका ओट्यावर आजीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हटकलं, "कोणाकडे जायचंय गं?"

"कोणाकडे नाही, आजी."

"मग मघापासून इथेच का फिरतेस? घर हरवलं का?"

समोरच्या खिडकीतून एक बाई हसली. "अहो, खोली बघत असतील भाड्याने!"

"बघू दे की. पण म्हणावं, पाणी एकच वेळ येतं."

उतार लागला तशी खाली निघाले. तिवंधा चौक मागे पडला, दहीपूल आला आणि ठोक्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. भांडीबाजार. एका दुकानासमोर तांब्याचे तांबे उतरंडीसारखे रचले होते. त्यांच्याकडे बघत क्षणभर उभी राहिले, तेवढ्यात दुकानदार उठलेच.

"या ताई. दहाव्याचं ना? तांब्या, फुलपात्र, ताट, समई, सगळं एकत्र बांधून देतो. गुरुजींनी अजून काही सांगितलंय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गोदावरीवरचं, गावातल्यांच्या भाषेत गंगेवरचं, रामकुंड जवळच. कार्याला आलेली माणसं दानाची भांडी इथूनच नेतात. विस्कटलेले केस, हातात नुसती पर्स, तोंड असं. त्यांनी हिशेब केला होता.

"माझा माणूस जिवंत आहे," मी म्हणाले. आवाज नको तेवढा चढला. शेजारच्या दुकानातली ठोकाठोक थांबली.

त्यांनी कानाला हात लावले. "चुकलं हो ताई. या रस्त्याला अशी घाईघाईत येणारी माणसं बहुतेक गंगेवरूनच आलेली असतात."

"एक तांब्या द्या. पाणी प्यायचा. आणि नाव घाला त्याच्यावर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. दानाच्या भांड्यावर कोणी नाव घालत नाही. घरात राहणार असेल त्यावरच घालतात.

"श्री. लावायचं ना?"

"लावा."

मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. छिन्नीचा एकेक ठिपका उमटत होता आणि मला वाटत होतं, आत्ता, याच क्षणी तिकडे कोणी बाहेर येऊन मला शोधत असेल.

"कोणाकडून, तेही घालू?"

"नको. लवकर करा."

परत येताना वाट सापडेना. आले तेव्हा बघितलीच नव्हती. दोघांना विचारत, धावत-चालत पोहोचले. दीर जिन्यातच उभे होते.

"वहिनी! चहा प्यायला गेलात की मळ्यातून तोडून आणायला?"

त्यांना थट्टा सुचत होती. मी कठडा धरला.

"गाठ निघाली सगळी," ते म्हणाले. "डॉक्टर तुम्हाला विचारत होते."

ह्यांना खोलीत आणलं तेव्हा ओठ कोरडे पडले होते. अर्धवट शुद्धीत त्यांनी पाणी मागितलं. सिस्टरनी मान हलवली, आज नाही. मी रिकामा तांब्या उशाशी ठेवला, नाव त्यांच्याकडे करून, आणि स्टूल ओढून बसले.