डुकरासाठी गाडी

हायब्रिड गाडी घ्यायची म्हणून आम्ही वर्षभर डोकेफोड केली आणि शेवटी घेतली नाही. कोणी विचारलं तर मी सांगते, सर्व्हिस सेंटर लांब पडतं. लोकांना ते पटतं. गोंडपिपरीत राहणाऱ्या माणसाला सगळंच लांब पडतं, त्यामुळे पुढे कोणी खोदून विचारत नाही.

गाडीचा विषय आमच्या घरात आला तो एका रानडुकरामुळे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नवरा पंचायत समितीत बाबू आहे. सकाळी तो मला मोटारसायकलवर शाळेत सोडायचा आणि तसाच ऑफिसला जायचा. रस्ता जंगलातला. एका सकाळी कापसाच्या वावरातून डुक्कर निघालं आणि सरळ पुढच्या चाकावर आदळलं. मी उडून गवतात पडले, तो डांबरावर. डुक्कर तसंच निघून गेलं असतं तर खरचटण्यावर निभावलं असतं. पण ते थोडं पुढे गेलं, वळलं आणि परत आलं. डांबरावर पडलेल्या नवऱ्याच्या मांडीत त्यानं सुळा घातला आणि मान झटकली. फाटल्याचा आवाज आला. तो पँटचा होता की मांडीचा, मला अजून सांगता येणार नाही. मी डोक्यातलं हेल्मेट काढलं आणि त्या जनावराच्या थोबाडावर हाणत सुटले, तोंडाला येतील त्या शिव्या देत. मास्तरीण असून आपल्याला इतक्या शिव्या येतात हे मलाही तेव्हाच कळलं. शेवटी ते गेलं, पण आपल्या मर्जीनं गेलं. मला घाबरून नाही.

नवऱ्याच्या डाव्या पायाचं हाड मोडलं होतं, आत सळी पडली. पाय वाचला, पण माणूस बदलला. घरात पाल निघाली तर तिला वर्तमानपत्राच्या घडीवर घेऊन अंगणात सोडणारा हा माणूस. साप निघाला की शेजारी काठ्या घेऊन यायचे, तर हा दारात आडवा उभा राहायचा. तोच आता मोबाईलवर डुकरं मारल्याचे व्हिडिओ बघत बसायचा, आवाज मोठा करून, जेवतानासुद्धा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्यानं ताट भिंतीवर फेकलं. वरणाचा डाग निघाला नाही, आम्ही त्यावर कॅलेंडर लावलं. एकदा रस्त्याच्या कडेला ट्रकनं उडवलेलं डुक्कर मेलेलं दिसलं. ऑटो थांबवायला लावून हा उतरला आणि चांगल्या पायानं त्या मढ्याला लाथा घालू लागला. ऑटोवाला माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघत होते. लोकांना वाटायचं हिला गाडीची हौस आहे. मला गाडीबिडी काही नको होती. मला माझा माणूस परत पाहिजे होता, आणि गाडीत बसलं, चार बाजूंनी पत्रा असला की त्याच्या मनातली भीती जाईल, भीती गेली की राग जाईल, असं माझं गणित होतं.

हायब्रिडच का, तर डाव्या पायानं त्याला क्लच दाबता येत नव्हता. या गाडीला क्लचच नसतो. पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरी दोन्ही आत, कधी काय चालवायचं ते गाडीच ठरवते, आणि चार्जिंगला लावायची भानगड नाही. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मला ते बरं वाटलं. माझ्या चौकशा बाईमाणसाच्या होत्या. सासूबाईंना मागच्या सीटवर पाय लांब करता येतील का, एसी लावला की त्यांना उलटी होते त्याचं काय करायचं, डिक्कीत तांदळाचं पोतं आडवं मावेल का, पावसाळ्यात नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी चाललं असलं तर बॅटरीत शिरेल का. नवरा पूर्वी काही वर्षं भामरागडला नोकरीला होता. तिथे पावसाळ्यात रस्ते बंद झाले की गाडी कसली आणि बैलगाडी कसली, सगळ्यांची किंमत सारखीच. पाण्याचा प्रश्न तो विचारेल असं मला वाटलं होतं.

त्यानं शोरूममध्ये पहिला प्रश्न वजनाचा विचारला. विक्रेता टाय बांधलेला, गोड बोलणारा. त्याला वाटलं गिऱ्हाईक सुरक्षेचा विचार करतंय. तो एअरबॅगबद्दल सांगू लागला. नवऱ्यानं त्याला मध्येच तोडलं आणि विचारलं, भरधाव असताना डुक्कर समोर आलं तर काय होईल? विक्रेता म्हणाला, साहेब, गाडी मजबूत आहे, आत बसलेल्यांना काही होत नाही.

"मी गाडीचं नाई विचारून राह्यलो," नवरा म्हणाला. "डुकराचं काय होते?"

विक्रेता हसला, कारण त्याला दुसरं काही सुचलं नसावं. मग त्यानं ब्रेकचा विषय काढला. या गाडीत ब्रेक मारला की बॅटरी आपोआप भरते, म्हणजे जितका ब्रेक तितका फायदा. नवरा म्हणाला, मग आपल्याला काही फायदा नाही, आपण ब्रेक मारणारच नाही. मी त्याला कोपराला धरून बाहेर काढलं. बाहेर उन्हात मी त्याला चार शब्द सुनावले. म्हटलं, गाडी घ्यायला आलात की रणगाडा? तो हसला नाही. पूर्वी अशा वेळी तो हसायचा.

आमच्याकडे कोणतीही वस्तू घेण्याआधी ती कोणा नातेवाइकाची वापरून बघायची रीत आहे. पिठाच्या गिरणीपासून म्हशीपर्यंत. चंद्रपूरला माझ्या मामेभावानं हीच गाडी घेतली होती. आम्ही त्याच्याकडे मुक्कामाला गेलो. त्यानं मोठ्या मनानं किल्ली दिली आणि फक्त एवढंच सांगितलं, की सांभाळून. नवरा म्हणाला, पहाटे मोहर्लीच्या जंगलातल्या रस्त्यानं एक चक्कर मारू, तेव्हा रस्ता मोकळा असतो. मला बरं वाटलं. वर्षभरात त्यानं स्वतःहून कुठे जायचं नाव काढलं नव्हतं. पहाटे डुकरं वावरातून जंगलात परततात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्याच्या ध्यानात होतं.

मोहफुलं गळायचे दिवस होते. उजाडायच्या आधीची वेळ, हवेत तो गोड, आंबूस वास भरलेला. शहराबाहेर पडल्यावर त्यानं वेग कमी केला आणि इंजिन गप्प झालं. गाडी बॅटरीवर चालू लागली. एवढी शांतता मी कोणत्याच गाडीत अनुभवली नव्हती. टायरखाली पाचोळा चुरडल्याचा काय तो आवाज. दोन चितळं रस्त्याच्या कडेला चरत होती. आम्ही अगदी जवळून गेलो तेव्हा त्यांनी माना वर केल्या. मला क्षणभर फार सुख वाटलं. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तोही हसत होता. पण ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही.

"पाह्यलं? त्यायले ऐकूच येऊन नाई राह्यलं," तो म्हणाला.

पुढे वळणावर मोहाचं मोठं झाड होतं. झाडाखालचा पाला जाळलेला होता, त्याचा धूर जमिनीलगत पसरलेला. त्या धुरात, रस्त्याच्या डाव्या कडेला, काहीतरी काळं, बुटकं हलत होतं. मुंडी खाली, पाठ वर. नवऱ्यानं गाडी तशीच आवाज न करता सरकू दिली. त्याचा श्वास मोठा झालेला मला ऐकू येत होता. मी म्हटलं, थांबा, काय आहे ते बघू द्या. आणि त्यानं पाय दाबला.

इंजिन खवळून उठलं. सीटनं मला मागे ओढलं. त्या काळ्या गोळ्याशेजारी मला टोपली दिसली. मी हँडब्रेक ओढायला हात घातला, तर तिथे दांडाच नव्हता. या नव्या गाड्यांत हँडब्रेकचं बटण असतं, विक्रेत्यानं सांगितलं होतं, पण जीव जायच्या वेळी बटण कुठे आठवतं. मग मी आडवी होऊन स्टेअरिंगवर कोपर घातलं आणि हॉर्न वाजवला. तो काळा गोळा उभा राहिला. त्याला लुगडं होतं. त्याला तोंड होतं आणि ते माझ्याकडे बघत होतं.

नवऱ्यानं स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. माझ्या बाजूच्या आरशानं आणि पत्र्यानं त्या बाईला घेतलं. काचेवर ती आपटल्याचा आवाज मला अजून येतो. मग गाडी रस्ता ओलांडून समोरच्या झाडावर गेली. एअरबॅग फुटून तोंडावर बसली. नाकातून रक्त आलं, तोंडात पावडर गेली. दार उघडून मी खाली पडले आणि तशीच रांगत तिच्याकडे गेले. टोपली चेंगरली होती, मोहफुलं डांबराला चिकटली होती. बाई जिवंत होती. तिचा हात कोपरापासून उलट्या दिशेला वळला होता आणि हाड बाहेर आलं होतं. ती ओरडत नव्हती. दात खाऊन माझ्याकडे बघत होती.

मोह वेचणाऱ्या बायका एकमेकींना हाका देत वेचतात, कान उघडे ठेवून, कारण खाली वाकलेल्या माणसाला डोळ्यांचा उपयोग नसतो. तिची जाऊ जवळच होती. आवाज ऐकून तिला वाटलं वाघानं झडप घातली. ती कुऱ्हाड घेऊन धावत आली. गाडी दिसल्यावर तिनं पहिला घाव बॉनेटवर घातला, दुसरा दिव्यावर. मग कुऱ्हाड टाकून तिनं नवऱ्याला कॉलरला धरून बाहेर ओढलं आणि हातात आलेल्या लाकडानं बडवू लागली. पाठीवर, खांद्यावर, सळीच्या पायावर. तो खाली बसला. मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर प्रत्येक फटक्याला मला वाटत होतं, अजून एक.

"बाई, मले डुक्कर वाटलं," तो खालूनच म्हणाला.

तिचा हात थांबला. धापा टाकत ती उभी राहिली.

"वाघालेई तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "माहा नवरा तेंदूपत्ता तोडाले वाकला होता तवा. त्याले जनावरच वाटलं. पन त्याले भूक होती. तुले काय होतं रे?"

  या जिल्ह्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. वाघानं नेलेल्या माणसाचं काय परत येतं ते माझ्या वर्गातल्या पोरांना ठाऊक आहे. आणि आम्ही दोघं शिकलेली, पगारी माणसं, उसन्या गाडीत बसून त्याच जंगलात शिकारीला आलो होतो. तो आला होता, आणि मी त्याच्या शेजारी बसले होते.

दुधाची एक गाडी आली. तिच्या मागच्या भागात कॅनच्या मध्ये जखमी बाईला निजवलं. मी माझ्या ओढणीनं तिचा हात बांधला. तिची जाऊ उशाशी बसली. नवरा माझ्या बाजूला, थोबाड सुजलेलं. रस्ता खराब नव्हता, तरी प्रत्येक हिसक्याला त्या बाईच्या घशातून बारीक आवाज निघत होता. चंद्रपूर जवळ आल्यावर नवरा माझ्या कानाशी लागला. म्हणाला, पोलीस विचारतील. नोकरीचा प्रश्न आहे. अंधार होता, बाई अचानक समोर आली, असं सांगू. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. माझ्या मनात आलं, याच्या मांडीत सुळा घुसला तेव्हा मी हेल्मेट घेऊन धावले होते. कोणाला वाचवायला धावले होते मी?

सरकारी दवाखान्यात बाईला आत नेलं. बाहेरच्या बाकावर नवरा आणि त्या बाईची जाऊ बसले होते, तिथे हवालदार आला. मी नवऱ्याच्या शेजारी बसले नाही, भिंतीला टेकून उभी राहिले. मी ठरवून टाकलं होतं. त्यानं ते अंधाराचं सांगितलं, की इथूनच माहेरी जायचं, गोंडपिपरीला फक्त कपडे आणायला जायचं. रागाच्या भरात ठरवलं नव्हतं. राग संपला होता, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

हवालदारानं कसं झालं म्हणून विचारलं.  नवऱ्यानं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं नाही, त्या बाईच्या जावेकडे पाहिलं.

"ते अचानक नाई आली," तो म्हणाला. "ते तिथीच बसून होती. मले डुक्कर वाटलं. मी माराले गाडी घातली."

हवालदाराचा पेन थांबला. त्यानं समजुतीनं सांगितलं, भाऊ, डुक्कर मारणं हासुद्धा गुन्हाच आहे, तुम्ही नोकरदार माणूस, घाबरलेले दिसता, पाणी प्या आणि नीट आठवून सांगा. नवऱ्यानं तेच पुन्हा सांगितलं, शब्दसुद्धा न बदलता. त्याचे हात गुडघ्यांवर होते, उघडे. वर्षभर ते हात मी मुठी वळलेलेच पाहिले होते.  हा जेलात जाईल, हे मला कळत होतं. पालीला कागदावर घेऊन जाणारा माणूस समोर बसलाय, हेही कळत होतं, आणि दोन्ही एकदमच मिळणार होतं.

हवालदार माझ्याकडे वळला. बायको तरी शहाणी असेल असं त्याला वाटलं असावं.

"बाई, तुमीच सांगा आता. हे काय बोलून राह्यले?"

"खरं बोलून राह्यले," मी म्हटलं. "लिहा."