मिरचीची पट्टी आणि काकूचा गुडघा

काकू गेल्याचं चुलतभाऊ सुधीरने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आमच्या मुंबईच्या औषधांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला कंबरदुखीची पट्टी दाखवत होतो. "झोपेतच गेली रे," तो म्हणाला. मी पट्टी हातात धरून तसाच उभा... आणि मला हसू आलं. गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथे कुणाचंही काही दुखलं की काकू निर्गुडीचा पाला एरंडेल लावून तव्यावर गरम करायची आणि बांधायची. तिचा स्वतःचा गुडघा मात्र त्या पाल्याला जुमानेना. काठीशिवाय चालणं संपलं, भातशेतापर्यंत जाणं बंद झालं, आणि ती शेताकडे तोंड करून ओटीवर नुसती बसून राहायला लागली. बोलणंही कमी झालं. ते मला बघवेना. मे महिन्यात गावी जाताना मी दुकानातली एक पट्टी नेली.

"कशाची हाय?"

"मिरचीच्या अर्काची. कातडीतून आत जातो."

"मिरची? मग परसातली काय वाईट व्हती?"

पट्टी लावून मी बजावलं, वरून शेक घ्यायचा नाही. "बरं," ती म्हणाली. असं 'बरं' ती डॉक्टरांनाही म्हणायची. मी आंघोळीला गेलो आणि तिने पट्टीवरच गरम पाला बांधला. दोन्ही मिळून लवकर गुण येईल म्हणून. आरोळी ऐकून बाहेर येतो तर काकू काठी टाकून, लुगडं वर धरून मागच्या दाराकडे पळतेय! पट्टी उपटून तिने ताकाचं अख्खं भांडं पायावर ओतलं, मला शिव्या घातल्या, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की ती काठीशिवाय उभी आहे...

"गुडघा बरा झाला नाय," ती धापा टाकत म्हणाली, "पर घाबरला मेला."

पट्टीतली एक गोष्ट मात्र तिला पटली. बांधलेला पाला चालताना घसरतो, पट्टी जागची हलत नाही. तिने सुधीरचे जुने मोजे पुढून कापले, गुडघ्यावर चढवले आणि आत पाला सरकवला. हळूहळू का होईना, ती शेताच्या बांधापर्यंत जाऊ लागली. मग वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या मोजे मागायला आल्या. सुधीर बिचारा बिनमोज्यांचे बूट घालून कामावर जायचा.

गणपतीत शेवटची भेट झाली. निघताना तिने मला ओटीवर बसवलं. हातात गरम पाला.

"काकू, माझा गुडघा कुठे दुखतोय?"

"दुखंल ना रे. तवा मी आसेन काय?"

मी पँट वर केली. पाल्याची ऊब मुंबईच्या वाटेवर माणगावपर्यंत पुरली.