ठीक हूँ, साब

सरकारला जवान लागतो तो लढाईपुरता. पुढे त्याचं दुखणं-खुपणं बघायची वेळ आली की गरज सरो नि वैद्य मरो. मला विचारा. मी रत्नप्रभा, घाटकोपरच्या भटवाडीतली, धाकू परबांची बायको.

आमचे हे एकाहत्तरच्या लढाईत होते. तोफगोळ्याची एक कपची मांडीत घुसली. "राहू दे, त्रास नाही देणार," असं फौजेतल्या डॉक्टरनं सांगितलं आणि ती आतच राहिली. पुढे गावाला सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून ह्यांनी दहा वर्षं भरल्यावर फौज सोडली, मग मुंबईत वॉचमन झाले. पेन्शनीला म्हणे पंधरा वर्षं लागतात. म्हणजे कपची सरकारी आणि मांडी आमची!

चौऱ्याऐंशी साली ती मांडी सुजली, पू यायला लागला. म्युनिसिपालटीचा डॉक्टर म्हणाला, "आतलं लोखंड काढलं नाही तर पाय जाईल. मिलिटरीच्या हॉस्पिटलात न्या, त्यांचंच काम आहे." तिकडे गेलो, तर खिडकीतला बाबू म्हणतो, "पेन्शन नाही तर इलाज नाही. सिव्हिलमध्ये जा." अरे मेल्या, गोळा लागला तेव्हा विचारलं होतं का कुणी, पेन्शन आहे का म्हणून?

शेवटी कळलं, मुलुंडला माजी सैनिकांचा मेळावा आहे, दिल्लीचे मोठे साहेब येणार आहेत. त्यांनी एक शब्द टाकला की काम होतं. मी ह्यांच्याकडून घोकून घेतलं, "अहो, साहेबांनी विचारलं की दुखतं म्हणायचं. पाय दाखवायचा. लाजायचं नाही." हे हो हो म्हणाले. साहेब रांगेतून एकेकाला शाल-श्रीफळ देत आले आणि ह्यांच्यासमोर थांबले. "कैसे हो, जवान?"

आणि आमच्या ह्यांनी काय करावं? त्या सुजलेल्या पायावर ताठ उभे राहिले, खाडकन सलाम ठोकला आणि ओरडले, "ठीक हूँ, साब!"

कपाळ माझं! फौजेत म्हणे असंच असतं. साहेबानं विचारलं की ठीकच असायचं, आतडी बाहेर आली असली तरी. साहेब खूष झाले, "शाब्बास" म्हणाले आणि पुढच्याकडे सरकले.

दोन महिन्यांत म्युनिसिपालटीच्याच हॉस्पिटलात पाय मांडीतून कापावा लागला. वॉचमनची नोकरीही गेली. वर्षभर मी ह्यांना टोचून टोचून खाल्लं. "तोंडातून एक शब्द काढला असता तर पाय वाचला असता. बसा आता ठीक!" हे नुसते कुबड्या पुसत बसायचे.

पुढच्या वर्षी पुन्हा मेळाव्याचं बोलावणं आलं. मी म्हटलं, आग लागो त्या मेळाव्याला. पण हे हटून बसले. "जायचंच. ह्या वेळी सांगतो." गेलो. तेच मैदान, तेच साहेब, तसलीच शाल. ह्यांच्या खुर्चीपुढे येऊन साहेबांनी तेच विचारलं, "कैसे हो, जवान?"

ह्यांनी सलाम केला नाही. साहेबांच्या डोळ्यांत बघून, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठीक नहीं हूँ, साब. पाँव चला गया."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, बोलला बाई एकदाचा माझा माणूस.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. ह्यांच्या उरलेल्या मांडीवर त्यांनी नारळ ठेवला आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

मी आ वासून बघत राहिले. ह्यांनी नारळ उचलून माझ्या हातात दिला.

"बघितलंस ना?" हे म्हणाले. "आणि वर्षभर मला बोलत होतीस."