नातीसाठी केलेल्या चुका

शेलार गावच्या बाळारामला पॉवरलूमच्या मोटारी दुरुस्त करण्यापलीकडे काही येत असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या माणसानं साठीत इटालियन शिकायला घेतलं. त्याची एकुलती एक मुलगी संघरत्ना नर्स म्हणून इटलीला गेली, तिथल्याच मार्कोशी लग्न केलं आणि दोन वर्षांपूर्वी आजारपणात वारली. मागे राहिली तिची आठ वर्षांची पोर, माया. तिला मराठी येत नव्हतं, आणि बाळारामला लेकीचं तिच्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

भाषा तरी कसली नखरेल! आपल्याकडे सुंदर म्हणजे सुंदर, पुढं मांजर येवो नाहीतर डोळे. तिकडे सुंदरला ‘बेल्लो’ म्हणायचं, पण मांजराआधी त्याचं ‘बेल’ होतं, डोळ्यांआधी ‘बेल्यी’, आणि आरशाआधी तो आपला ‘बेल्लो’च राहतो. मोबाईलवरचे धडे ऐकून ऐकून बाळारामनं हे सगळं घोटून घेतलं.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मायाचं मांजर पहिल्यांदा बघून तो ‘बेल्लो गात्तो’ म्हणाला, तेव्हा मात्र खरोखरच चुकला होता. एरवी हो-नाहीच्या पुढं न जाणारी पोर खदखदून हसली. “बेल गात्तो, नोन्नो!” नोन्नो म्हणजे आजोबा. मग कितीतरी वेळ ती त्याला शिकवत बसली. हसताना थेट संघरत्ना. तेव्हापासून बाळाराम दर रविवारी ठरवून चुकायचा.

“सकाली तर बरोबर बोलत व्हता,” बायको शेवंता म्हणायची.

“चुकलो न्हाय तर ती बोलंल कशाला?”

बरेच महिने हे चाललं. मग एका रविवारी तो पुन्हा चुकला आणि माया हसलीच नाही. बाजूला बघून बापाला भराभर काहीतरी म्हणाली. भराभर म्हणाली म्हणून काय झालं, बाळारामला शब्द न् शब्द कळला. “पप्पा, नोन्नोला काही जमतच नाही. दर रविवारी बोलायलाच हवं का?” पोरीचा काय दोष, तिनं इमानानं शिकवलं होतं.

“काय म्हनते?” शेवंतानं आतून विचारलं.

“तुझी इचारपूस करते. आजी कशी हाय म्हनते.”

ओले हात पदराला पुसत शेवंता धावत आली, केस सारखे करून फोनसमोर बसली. माया केव्हाच उठून गेली होती. मार्को अवघडून नुसती मान हलवत होता.

“कुठं गेली?”

“यील आता. बस.”

मार्कोनं फोन ठेवला तरी शेवंता बसून होती, आणि तिला ऊठ म्हणायचा धीर बाळारामला होईना.